पिराजीमामा आणि घोड्याचा तवा

हुमनाबादला माझ्या मामाची एकच ओळख उरली आहे. बळीराम गवंड्याला ज्याच्या ट्रेलरनं चिरडलं, तो पिराजी ड्रायव्हर. मी इथल्या शाळेत शिकवते. एखादा पालक पोराचं नाव घालायला येतो, माझ्याकडे जरा निरखून बघतो आणि विचारतो, "बाई, त्या पिराजी ड्रायव्हरची भाची न्हवं तुमी?" मी हो म्हणते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. भाची असल्याची लाज मला कधीच वाटली नाही. राग येतो तो एवढ्यासाठीच, की त्या सकाळी मामा गाडीवर नव्हताच.

मामा मूळचा खजुरीचा. छप्पन्न सालानंतर आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, घरातले देव ओढ्यात सोडले आणि गावकीची कामं बंद केली. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हटल्यावर गावानं जित्या माणसांनाही काम देणं सोडलं. मामा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. आजीनं, चांगुणाबाईनं, त्याला भाकरी बांधून दिली आणि तो हुमनाबादच्या हमरस्त्यावर आला. आधी लॉऱ्या धुतल्या, मग लॉऱ्या हाकल्या. पुढे एका धरणाच्या कामावर त्याला नोकरी लागली आणि तिथं त्याच्या हाती ती परदेशी गाडी आली.

ज्यांनी ट्रेलर जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या गाडीचे दोन भाग असतात. पुढे इंजिन आणि केबिन, त्याला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. मागे लांबलचक ट्रेलर, त्यावर माल. घोड्याच्या पाठीवर ग्रीस चोपडलेला एक जाड लोखंडी तवा असतो. ट्रेलरच्या पोटाखालची खुंटी त्या तव्यात अडकते आणि मग घोडा ट्रेलरला ओढतो. बहुतेक गाड्यांवर हा तवा जागच्या जागी पक्का बसवलेला असतो. मामाच्या गाडीचा तवा मात्र दोन रुळांवर पुढे-मागे सरकायचा. मामाच्या मते सगळी ड्रायव्हरकी त्या तव्यात होती, स्टेअरिंग काय कोणीही फिरवतं.

मी लहान असताना त्यानं ते आम्हाला घरात करून दाखवलं होतं. एका फळीचं एक टोक आईच्या हातात, दुसरं माझ्या हातात, आणि मध्ये पाण्यानं भरलेली कळशी. कळशी माझ्याकडे सरकवली की माझे हात खाली जायचे, आईकडे सरकवली की माझं टोक फुलासारखं हलकं व्हायचं. "आता तू गाडीची पुढची चाकं हायस," मामा मला म्हणायचा. "तवा पुढं घेतला की वझं तुज्यावर. स्टेरिंग जड हुतंय, पण गाडी ऐकतीय. तवा मागं सारला की तू हलकी. रिकामी गाडी बोळातनं वळवायला ते बरं, ट्रेलरचा कोपरा केबिनला घासत न्हाई. पर भरल्या गाडीला मागचा तवा लई वाईट. चाकं वळत्यात, गाडी वळत न्हाई." तेवढ्यात कळशी कलंडायची आणि माझी आई, विमलबाई, त्याच्या तव्याच्या नावानं शंख करायची.

तवा सरकवायची त्याची एक रीत होती. ट्रेलरचा ब्रेक घट्ट लावायचा, दांडा ओढून तव्याचे दात मोकळे करायचे, घोडा हळूच हातभर हलवायचा, दात पुन्हा बसू द्यायचे. एवढ्यावर बाकीचे ड्रायव्हर भागवतात. मामा खाली उतरून, पाठीवर झोपून, गाडीखाली सरकायचा आणि दोन्ही बाजूंचे दात बोटांनी चाचपून बघायचा. मग पुन्हा वर चढून ब्रेक लावलेल्या ट्रेलरला एक हिसका द्यायचा. पानात जेवण वाढलेलं असलं तरी यात खंड नाही. तो काही साधाभोळा माणूस नव्हता. तोंडानं फटकळ, कामाचा गर्व असलेला, आणि साध्या लॉरीवाल्यांना तो तोंडावर बैलगाडीवाले म्हणायचा. त्याला मित्र थोडेच होते. पण गाडी हातात असताना त्यानं एका कुत्र्यालाही धक्का लावला नव्हता, आणि हे त्याचे वैरीही कबूल करायचे.

धरणाचं काम संपलं आणि सरकारनं यंत्रं लिलावात काढली. हुमनाबादच्या गुंडेरावांनी घोडा आणि ट्रेलर घेतला. गुंडेरावांची जमीन कूळकायद्यात गेली होती, तेव्हापासून ते लॉऱ्यांच्या धंद्यात पडले होते. गाडीबरोबर मामाही त्यांच्याकडे आला, कारण ती गाडी दुसऱ्या कोणाच्या बापाला चालवता येत नव्हती. गुंडेराव चारचौघांत म्हणायचे, "पिराजी, तू आहेस म्हणून ही गाडी आहे, नाहीतर भंगार." मामाला ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं. त्यांच्या घरी चहा मिळायचा तो ओसरीवरच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. तो कप मामा स्वतः विसळून परत ठेवायचा. मी एकदा यावरून त्याच्याशी भांडले, तर म्हणाला, "कप त्येंचा, गाडी माजी."

आता खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी गुंडेरावांच्या वखारीत सगळ्या गाड्या धुऊन पूजेला बसवायच्या. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. एकदा पूजेला बसलेली वस्तू दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही, असा त्यांच्याकडे कडक नेम होता. मग नारळ फोडून ड्रायव्हरनं गाडी पुढे घ्यायची आणि लिंबं चिरडायची. मामा नारळ फोडत नसे. आजोबांच्या बावीस प्रतिज्ञा त्याला पाठ होत्या आणि त्या बाबतीत तो कोणाचं ऐकणारा नव्हता. गुंडेरावांच्या घरालाही पूजेच्या गाडीवर पहिला हात त्याचा नकोच होता. तेव्हा दोन्हीकडच्या सोयीनं एक तोडगा निघाला. गुंडेरावांचा पुतण्या नरसिंह सोवळं नेसून घोड्यावर चढायचा, नारळ फुटला की गाडी चार हात पुढे घ्यायचा, लिंबं फुटली की उतरायचा. मग मामा चढायचा आणि गाडी बाहेर काढायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं. सगळी गल्ली ते बघायला जमायची.

नरसिंह तिशीचा, लग्न झालेला माणूस. साधी लॉरी चालवायचा. मामा त्याला 'लिंबाचे ड्रायव्हर' म्हणायचा आणि गल्ली खो खो हसायची. मला वाटतं, मामानं तेवढं बोलायला नको होतं.

पंच्याऐंशी साली एका साखर कारखान्याचं काम गुंडेरावांकडे आलं. बॉयलरचा अवजड ड्रम त्यांच्या वखारीत येऊन पडला होता आणि कारखानदारांना तो दसऱ्याच्या मुहूर्तावरच हलवून हवा होता. नवमीच्या सकाळी क्रेननं ड्रम ट्रेलरवर चढवला. वखारीचं फाटक अरुंद, म्हणून आत घेताना मामानं तवा पार मागे सारून ठेवला होता. आता माल चढल्यावर तो पुढे घ्यायचा होता. मामा तोंड धुऊन भाकरी खायला घरी आला आणि परत गेला, तोवर गाडी पूजेला बसलेली होती. तव्याच्या दांड्यावर कुंकवाची बोटं आणि झेंडूची माळ. भटजींना दुसरीकडे जायचं होतं म्हणून पूजा लवकर उरकली, असं कळलं.

मामानं गुंडेरावांच्या बायकोला, मालतीबाईंना, हात जोडून सांगितलं. "वैनी, घोडा हातभर हलवायचाय फकस्त. फुलं पडू देत न्हाई मी."

"पूजेला बसलंय ते, पिराजी. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"तवा मागं हाय, वैनी."

"असू दे की. देवाला काय तुझा तवा खुपायलाय?"

गुंडेराव मध्ये पडले. "कामून हट्ट करायलास? उद्या नरसिंहनं लिंबं चिरडली की कर तुझं काय ते. तुला कोण अडवणार आहे?"

मामानं मान हलवली. पण जाताना वखारीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ध्यानात ठेवा. तवा मागं हाय. गाडी अशीच रस्त्यावर काढायची न्हाई. ही गाडी ऐकणार न्हाई."

दसऱ्याला सकाळी कारखान्याची माणसं जीप घेऊन आली. त्यांच्यातल्या एकाच्या गळ्यात कॅमेरा होता. नरसिंह चढला, नारळ फुटला, लिंबं फुटली. मामा खाली दाराशीच उभा होता, चढायच्या तयारीत. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "झालं वर्षाचं काम, उतरा आता, लिंबाचे ड्रायव्हर." हसू उसळलं. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून समोर उभा. नरसिंह मामाकडे बघत होता असं मामा सांगायचा. मग त्यानं आतून दाराची कडी लावली आणि गाडी फाटकातून बाहेर नेली. मामा शेजारून पळत दारावर थापा मारत होता, "तवा, तवा" म्हणून ओरडत होता. बँडच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. गुंडेराव आणि कारखान्याची माणसं जीपमध्ये बसून गाडीच्या मागे निघाली. धन्याचाच पुतण्या चालवतोय, त्यांना काय.

गावाबाहेर चढ आहे आणि चढाला वळण आहे. चढाला लागलं की वजन आणखी मागे जातं. नरसिंहनं स्टेअरिंग फिरवलं, चाकं वळली, गाडी सरळ गेली. समोरून निंबर्ग्याचा बळीराम गवंडी सायकलवरून येत होता, सणाला घरी निघाला होता. तो जागच्या जागी गेला. घोडा चरात तोंड खुपसून थांबला आणि नरसिंहचा पाय मोडला. जीपमधल्या माणसांनी त्याला बाहेर काढलं आणि तसंच दवाखान्यात नेलं.

मामा कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून तिथं पोचला. इंजिन अजून चालूच होतं, डिझेल गळत होतं. तो काही विचार न करता वर चढला आणि इंजिन बंद केलं. कोणताही ड्रायव्हर हेच करेल. तो ड्रायव्हरच्या दारातून खाली उतरत होता तेव्हा पोलीस पोचला.

दुसऱ्या दिवशी गुंडेराव कोठडीपाशी आले. मालतीबाईंनी डबा पाठवला होता. माझी आई तिथं हजर होती, म्हणून हे सगळं मला शब्दन् शब्द माहीत आहे.

"पिराजी, पोराचा पाय गेला. वर खटला आला तर तो मरेल," गुंडेराव म्हणाले. "तू होतास म्हण गाडीवर. वकील माझा. तवा सरकवायचा विसरलो म्हण. माणूस आहे, विसरतो, कोर्ट समजून घेतं. सुटलास की परत माझ्याच गाडीवर."

मामा म्हणाला, "गाडीवर व्हतो असं एकवेळ म्हनलं असतं, मालक. तुमचं मीठ खाल्लंय. पर इसरलो म्हननार न्हाई."

"अरे, शब्दाचाच तर प्रश्न आहे."

"मग तुमीच म्हना की तो शब्द. माज्या तोंडातनं येत न्हाई. आन् इसरलो न्हाई तर गाडीवर बी न्हवतो. खरं तेच सांगनार."

गुंडेराव डबा तिथंच ठेवून गेले. मामानं तो उघडला नाही. त्या दिवसापासून त्यांचा वकील नरसिंहच्या बाजूनं उभा राहिला, आणि माझ्या आईनं कानातलं मोडून मामासाठी एक वकील केला. तो बिचारा गुंडेरावांना येताजाता नमस्कार करायचा.

नरसिंहचा पाय वखारीतच मोडला असं दवाखान्याच्या कागदावर आलं, आणि कारखान्याची माणसं व त्यांचे फोटो कोर्टात आलेच नाहीत. खटल्यात साक्षीदार उभे राहिले ते आमच्याच गल्लीचे. एकालाही मी नीच म्हणू शकत नाही, हेच तर दुखतं. त्यातले काही खोटं बोलले, पण बरेचसे खरंच घोटाळले. दरवर्षी कोण लिंबं चिरडतं? नरसिंह. मग उतरतो कोण? नरसिंह. गाडी बाहेर कोण काढतं? पिराजी. यंदाही तसंच झालं ना? झालं असणार साहेब, दरवर्षीचंच आहे ते. फुलं विकणारी शांतम्मा तेवढी ठाम उभी राहिली. "नरसिंहप्पाच गाडी घेऊन गेला, मी डोळ्यानं बघितलं." सरकारी वकिलानं तिला विचारलं, गेल्या वर्षी कोण चढलेलं पाहिलंस? त्याच्या आधीच्या वर्षी? सोवळं कोणत्या रंगाचं होतं? या वर्षीचं की मागच्या? म्हातारी गोंधळली, रडायला लागली आणि शेवटी म्हणाली, "येळेयेळेला सारखंच असतंय, अप्पा." तिला खाली बसवलं. ज्या रिवाजानं मामाला पहिल्या मानापासून लांब ठेवलं होतं, त्याच रिवाजानं त्याला उचलून त्या सीटवर बसवलं.

मामाची पाळी आली. "मी गाडीवर असतो तर तवा पुढं असता," तो म्हणाला. त्याला वाटत होतं, यापुढे काही बोलायलाच नको. गाडीची तपासणी झाली होती, तवा पार मागच्या दातांवर होता, हे कागदावर आलं होतं. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

सरकारी वकील म्हणाला, "म्हणजे तवा मागे ठेवून भरलेली गाडी चालवणं धोक्याचं आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं?"

"व्हय. माज्यापेक्षा जास्त कुणाला ठावं असनार?"

"आदल्या दिवशी वखारीत सगळ्यांदेखत तुम्ही तसं बोललाही होतात?"

"व्हय, बोललो."

वकील खाली बसला. मामा आमच्याकडे बघून हसला, जिंकल्यासारखा. आपण काय बोलून बसलो हे त्याला निकालाच्या दिवशीच कळलं. धोका ठाऊक असताना हयगय केली, असं निकालात आलं. शिक्षा झाली आणि लायसन्स कायमचं रद्द झालं. शिक्षा ऐकताना तो स्थिर होता. लायसन्सचं ऐकलं तेव्हा त्यानं पिंजऱ्याचा कठडा धरला.

तुरुंगातून आला तेव्हा तो वाळून गेला होता. हमरस्त्यावर पंक्चरच्या दुकानात बसायला लागला. कोणी काही विचारलं, नाही विचारलं, तरी सांगायचा, "मी न्हवतो गाडीवर." गिऱ्हाईक ट्यूब घेऊन उभं, आणि हा आपला सांगतोय. लोक कंटाळले. आम्हीही कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू. आई म्हणायची, "दादा, आता बास कर."

शेवटी त्यानं ठरवलं की निंबर्ग्याला जायचं. गावाचं काही का असेना, बळीरामाच्या बायकोला, दानम्माला, तरी खरं कळलं पाहिजे. तिच्या मनात आपण खुनी म्हणून राहू नये, एवढीच त्याची इच्छा होती. धुतलेला सदरा घालून तो बसनं गेला. मी बरोबर गेले, कारण तो एकटा कुठं भांडण करून बसेल अशी आईला भीती होती.

दानम्मानं आम्हाला ओळखलं. तिनं पाणी दिलं, आणि मामानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. फुलं, दांडा, लिंबं, दाराची कडी. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "ठावं हाय मला, अण्णा."

मामाला कळेना. "काय ठावं हाय?"

"तुमी न्हवता त्ये. मालतीबाई आल्ती हितं, खटल्याच्या आदी. माज्या पायावर डोकं ठेवून रडली. पोराचं नाव घेऊ नगं म्हनली. माज्या जावयाला त्येंनी वखारीत मुकादम केलंय. लेकीचा संसार त्याच्यावर चाललाय." ती पदराचं टोक पिळत होती. "तुमी हुमनाबादेत सगळ्यांला सांगत फिरायलात म्हनं, मी न्हवतो, मी न्हवतो. गुंडेराव जावयाला बोलला, त्यो पिराजी परत केस उकरून काढायलाय, तुज्या सासूची फूस हाय काय. अण्णा, माजा मानूस तर गेला. आता लेकीच्या पोटावर पाय देऊ नगा."

मी उठले. मला तिला खूप काही बोलायचं होतं, आणि मी बोललेही असते. मामानं माझा हात धरून मला खाली बसवलं. त्यानं तिला एवढंच विचारलं, "पोरगी किती शिकलीय?" तिनं काहीतरी सांगितलं. त्यानं उरलेलं पाणी प्यायलं आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी दुकानात उदगीरचा एक ट्रेलरवाला टायर घेऊन आला. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "तुमीच का ओ त्ये, बळीरामाच्या केसमधले?" मी मामाचा डबा घेऊन तिथंच उभी होते. नेहमीचं पुराण सुरू होणार म्हणून मी तोंड फिरवलं.

"व्हय," मामा म्हणाला. "मीच व्हतो गाडीवर."

ट्रेलरवाल्यानं मान हलवली. धंद्यातला माणूस, त्यानं धंद्यातलाच प्रश्न विचारला. "तवा सरकवायचा राहिला का?"

मामानं टायरमधून पहार काढली आणि बाजूला ठेवली. मी वाट बघत होते. हे तरी तो म्हणणार नाही, अशी माझी खात्री होती.

"इसरलो," तो म्हणाला.